छतावरची आत्या

सदाशिव पेठेत मी चित्रकलेचा क्लास चालवते. मुलं ग्रेड परीक्षेसाठी येतात, म्हणजे खरं तर त्यांच्या आया येतात आणि मुलांना बरोबर आणतात. स्थिरचित्रातला कांदा गोल आला की आई समाधानी. माझी खरी आवड वेगळी आहे. युरोपातल्या जुन्या राजवाड्यांच्या छतांवर ढगांत लोळणारे देव, त्यांच्या अंगावरून ओसंडणारी वस्त्रं, आणि त्यातल्या प्रत्येकाला चिकटवलेला एकेक अर्थ. पंखवाला म्हातारा दिसला की तो काळ, उघडीवाघडी तरुणी दिसली की ते सत्य, आणि तिच्या पायाखाली केस पिंजारून पडलेली बाई म्हणजे मत्सर. बरोक काळातली, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुमाराची, ही रूपकचित्रं मी जन्मभर पुस्तकांतून पाहत आले. एकदा पालकसभेत त्यांच्याविषयी उत्साहानं बोललेसुद्धा. एका वडिलांनी शांतपणे विचारलं, "हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटल्यावर ते घड्याळ बघू लागले.

त्यामुळे कात्रजहून एका मंगल कार्यालयाच्या मालकांचा फोन आला आणि ते म्हणाले, "मॅडम, छतावर देव काढायचेत, पण आपले नकोत," तेव्हा मी खुर्चीत नीट सावरून बसले.

त्यांना सगळे दादा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. दादा नि वहिनी ग्रुप टूरबरोबर इटलीला जाऊन आले होते. तिथल्या एका राजवाड्यात गाइडनं सगळ्यांना माना वर करायला लावल्या. बाकीचे खाली बघत चहाची चौकशी करत होते, पण दादांच्या नजरेनं एक गोष्ट बरोबर टिपली. "तिथल्या राजानं स्वतःचंच तोंड देवाला लावलंय," ते मला म्हणाले. "आणि इतकी वर्षं झाली, कोणी काही बोललेलं नाही." आपले देव का नकोत, याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. आपल्या देवांखाली लोक चपला घालून जेवणार, ते बरं दिसत नाही. त्यांच्या देवांना ते चालतं.

कात्रजच्या उतारावरचा हा नवा हॉल त्यांच्या मुलीच्या लग्नानंच सुरू व्हायचा होता. मला विषय लगेच सुचला. ग्रीकांच्या पुराणात एका राजाचं समुद्रकन्येशी लग्न लागतं. सगळे देव पंगतीला येतात. फक्त कलहदेवीला बोलावत नाहीत, कारण भांडणं लावणारीला शुभकार्यात कोण बोलावणार? ती मात्र न बोलावता येते, दारातूनच पंगतीत एक सोन्याचं सफरचंद भिरकावते, 'सर्वांत सुंदर असेल तिनं घ्यावं' म्हणून. तीन देव्या त्यावरून हमरीतुमरीवर येतात आणि शेवटी त्यातून वर्षानुवर्षं चालणारं युद्ध पेटतं. बरोक चित्रकारांचा हा लाडका विषय. पंगतीतला थाटमाट आणि दाराशी उभी असलेली आपत्ती, दोन्ही एकाच चित्रात. मी हे सगळं रंगवून सांगत होते. दादांनी निम्मं ऐकलं. "लग्न आहे ना? देव जेवतायत ना? मग झालं तर," म्हणून ते फोन घ्यायला बाहेर गेले. कलहदेवीचा प्रवेश त्यांनी ऐकलाच नाही.

मग चेहऱ्यांची वाटणी झाली. दादा देवांचे राजा, हातात वीज. वहिनी राणी, मोरासकट. नवरानवरी मध्यभागी. व्याह्यांना मी द्राक्षांचा देव करणार होते, तर दादांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांच्या हातात पेला नको. ते खरंच घेतात." म्हणून व्याही समुद्रदेव झाले. हातात त्रिशूळ आला, आणि त्रिशूळ म्हटल्यावर त्यांचीही हरकत राहिली नाही. उघड्या अंगांचा प्रश्न वहिनींनी हातात घेतला. सगळ्या देव्यांना शालू आणि देवांना उपरणी मिळाली. ढगांतून उडणारी गुबगुबीत बाळं पाहून त्यांनी विचारलं, "ही पोरं कोणाची?" कोणाचीच नाहीत, नुसती शोभेची आहेत, हे त्यांना पटलं नाही, पण लंगोटावर तडजोड झाली.

फक्त दादांच्या आईंनी छतावर जायला साफ नकार दिला. "माझं तोंड ढगात नको," त्या म्हणाल्या. "मी अजून खाली हाय."

काम असं चाललं. मोठमोठे कॅनव्हास हॉलच्या फरशीवर पसरून मी खालीच रंगवायचे आणि मग ते पीओपीवाल्यांनी छताला चिकटवायचे. इटलीतले चित्रकार परांचीवर झोपून रंगवायचे अशी माझ्या विद्यार्थ्यांची समजूत आहे; मला गुडघेदुखी आहे, त्यामुळे फरशीवर स्टूल घेणं बरं. आई रोज सकाळी प्लास्टिकची खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. ऐंशीच्या पुढचं वय, नजर चांगली, बोलणं मोजकं. त्या एकेका देवाची चौकशी करत, हा कोण, हा काय करतो, ह्याचं लग्न झालंय का. मी सांगायचे. माझ्या क्लासमध्ये इतक्या वर्षांत रूपकचित्रावर इतके प्रश्न कोणी विचारले नव्हते, हे इथे नमूद करते.

अखेर त्यांचं बोट दाराशी उभ्या असलेल्या, तोंड नसलेल्या बाईवर आलं. "समद्यांची तोंडं झाली. हिचं ऱ्हायलं की."

मी म्हटलं, दादा म्हणालेत, कोणाचंही लावा. मग त्यांनी विचारलं म्हणून कलहदेवीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. दादांसारखा त्यांना फोन येत नव्हता. त्यांनी ती पुरी ऐकली, हातातल्या बांगड्या मागेपुढे करत.

"येवढे द्येव हुते," त्या म्हणाल्या, "एकाला बी कळलं न्हाई, की जाऊन बोलवावं म्हणून?"

त्या दिवशी मला घरातली खरी हकीकत समजली. दादांना एक धाकटी बहीण आहे. ती येरवड्याला राहते. दादा पाहुण्यांना फक्त तेवढंच सांगत, "ती येरवड्याला असते", आणि पुण्यात या वाक्याचा वेड्यांचं इस्पितळ नाहीतर तुरुंग असा जो अर्थ होतो तो लक्षात घेऊन लोक पुढे काही विचारत नसत. प्रत्यक्षात तिथे तिचं चांगलं घर आहे, नवरा आहे, शिवणकामाचा व्यवसाय आहे. झालं होतं इतकंच, की या हॉलच्या भूमिपूजनाला उतारावर उभं राहून ती चारचौघांत म्हणाली होती, "जागा झकास आहे. वऱ्हाड आणायला गाडीच नको, घाटातून सोडून द्यायचं, घरंगळत येईल." लोक हसले. कंत्राटदार जरा जास्तच हसला. त्या हसण्यावरून दादांनी बहिणीचं नाव टाकलं. हॉल बांधून झाला तरी अबोला सुटला नव्हता. आता पत्रिका वाटून झाल्या होत्या, गावोगाव, अगदी त्या कंत्राटदारालासुद्धा. येरवड्याला गेली नव्हती.

"बारशाला आत्यानंच पोरीच्या कानात नाव सांगितलं," आई म्हणाल्या. "जिनं नाव ठिवलं तिलाच पत्रिका न्हाई."

मुलाला त्यांनी सांगून पाहिलं होतं. एकदा समजावून, एकदा रडून, एकदा न जेवता. दादा म्हणाले होते, "तिनं माफी मागावी, मग बघू." आणि ती म्हणाली होती, "जे बोलले ते खोटं आहे का, उतार तिथंच आहे." दोघं एकाच आईची, हे सांगावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई पदरात झाकून एक फोटो घेऊन आल्या. बारशाचाच होता. पाळण्यावर वाकलेली तरुण आत्या, बाळाच्या कानाशी तोंड, पाठीवर बुक्के मारणाऱ्या हसऱ्या बायका. "ह्ये तोंड लाव तिला."

मी ब्रश खाली ठेवला. "आई, अहो ही कलहदेवी आहे. भांडणं लावणारी. तुमच्या मुलीला मी असं कसं काढू?"

"तूच म्हणलीस न्हवं, हिला सोडून समद्यांना बोलिवलं म्हणून?"

"हो."

"मग ही माझीच हाय." त्यांनी फोटो माझ्या मांडीवर ठेवला. "दुसऱ्या कुठल्या जागी तो बसू द्येनार हाय तिला? कशी का हुईना, लग्नात दिसंल तरी."

मला गलबलून आलं. इतकी वर्षं मी मुलांना सांगत होते, की रूपकचित्रात माणसाला अर्थाचा मुखवटा घालतात. इथे एक आई लेकीला मिळेल तो मुखवटा घालायला तयार होती, मांडवात तेवढी शिरू दे म्हणून. मी चेहरा काढला. मनापासून काढला. त्या छतावरचा सगळ्यात चांगला चेहरा तोच आहे, असं मला अजून वाटतं.

पण आईंचं तेवढ्यावर भागलं नाही.

"केस पिंजारलेलं नको. लग्नात कोण असं येतं व्हय? आंबाडा घाल." मी अंबाडा घातला. "अंगावर चिंध्या नको, हिरवं लुगडं दे." दिलं. "दारात उभी नको ठिवू. बसव."

इथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी त्यांना समजावलं, की ती बसत नाही. न बसणं हेच तिचं काम आहे. ती पंगतीत बसली तर सफरचंद कशाला फेकेल, ते फेकलं नाही तर देव्या कशाला भांडतील, आणि त्या भांडल्या नाहीत तर पुढचं युद्धच होणार नाही.

"तुला युद्ध पायजे का?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर कलेच्या इतिहासात असेल, पण मला त्या वेळी सापडलं नाही. मी तिला बसवलं. समोर ताट वाढलं. सफरचंद तेवढं माझ्या हट्टापायी ठेवलं, पण आई म्हणाल्या, फेकताना नको, पदरात घाल. तर ओंजळीत पदर पसरलेला आणि त्यात सोन्याचं फळ, अशी कलहदेवी तयार झाली. मला राग आला होता, हे लपवत नाही. आयुष्यात एकदा खरं बरोक छत रंगवायला मिळालं, आणि त्यातलं सगळं नाट्य या बाईंनी हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं होतं.

लग्नाच्या आठवड्यात कॅनव्हास वर चढले. दिवे लागले. दादा मध्यभागी उभे राहून आधी स्वतःला बघत राहिले, बराच वेळ. मग वीज, मोर, व्याही असं करत त्यांची नजर कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. त्यांचा चेहरा आवळला.

"हिला कोणी काढायला सांगितलं?"

"मी," खुर्चीतून आई म्हणाल्या. "वर काढली रं. खाली कुठं बोलिवली?"

दादांनी पीओपीवाल्याला हाक मारली. तो म्हणाला, आता काढायचं तर खालचं प्लास्टरही येईल, आणि लग्नापर्यंत परत काही होणार नाही. दादा हे पचवत होते, तेवढ्यात भावकीतली मंडळी हॉल बघायला आली. गावातली वडीलधारी माणसं, त्यांच्या बायका. सगळ्यांनी माना वर केल्या. ग्रीकांच्या पुराणाची त्यांना गंधवार्ता नव्हती. त्यांनी देवांच्या पंगतीत हिरवं लुगडं नेसून बसलेली, पदर पसरून फळ घेणारी सवाष्ण पाहिली, आणि कोणालाही क्षणभरसुद्धा शंका आली नाही.

"आत्याची ओटी भरताना काढलीया," एक बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

"द्येवात बसवली बहिणीला," एक म्हातारे म्हणाले. त्यांनी दादांच्या पाठीवर थाप मारली. "मन लागतं येवढं. भांडान असूनबी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आईंकडे पाहिलं. त्या पायाचा अंगठा बघत होत्या. युद्धाचं मूळ त्यांनी माझ्याच हातानं ओटीचं फळ करून टाकलं होतं, आणि मी मात्र नाट्य गेलं म्हणून दोन दिवस धुमसत होते.

दादांची गोची झाली. मोठेपणा कोणी फुकट देत असेल तर तो परत करणारा माणूस मी पाहिलेला नाही. "आता असतं एकेकाचं," असं काहीतरी ते पुटपुटले आणि त्यांनी कॉलर नीट केली. वहिनींनी छताचा व्हिडिओ काढून भावकीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमधून आत्याला केव्हाच काढलेलं होतं, पण व्हॉट्सॅपवरून काढलेल्या माणसापर्यंत बातमी आधी पोचते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

तरी पत्रिका गेली नाही. आईंनी लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत वाट पाहिली. त्या मला म्हणाल्या, "छतावर काढाया सोपं असतं बाई. बोलवाया उंबरा वलांडावा लागतो." पहिल्यांदाच त्यांचा आवाज थकलेला वाटला.

लग्नाला मीही होते, घरच्यासारखी. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, फोटो झाले. पाहुण्यांचं जेवण बुफे होतं, पण घरच्यांसाठी दादांनी टेबलं लावून पंगत मांडली होती, बरोबर देवांच्या पंगतीखाली. आईंचं ताट वाढून झालं होतं. त्या जेवत नव्हत्या. कोणी आग्रह केला की म्हणायच्या, "बसते दमानं," आणि दाराकडे बघायच्या. मनात म्हटलं, आपण या बाईला खोटी आशा रंगवून दिली.

आणि मग आत्या आली. एकटीच, साधी इरकल साडी, हातात भाचीसाठी आणलेल्या साडीची पिशवी. बोलावण्याशिवाय दारात उभं राहायची सवय नसलेल्या माणसासारखी ती उभी राहिली. वाढपी थबकले. ती सरळ पंगतीपर्यंत आली आणि मान वर करून कोपऱ्यातल्या स्वतःला बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"हे कोणी काढलं?"

बायकांनी मला पुढे ढकललं.

"छान आहे. नाक जरा बरं काढलंयत, आहे त्यापेक्षा." तिनं डोळे पुसले. "लोक म्हणतात, दादानं ओटी भरताना काढायला लावली. माझ्या भावाला मी ओळखते. तो असलं काही सुचवणार नाही. तर मला खरं सांगा, यात मी कोण आहे?"

दादा वाढप्याच्या शेजारी उभे होते. आई माझ्याकडे बघत होत्या. रूपकचित्राचा अर्थ आपणहून कोणीतरी विचारावा, म्हणून मी पंचवीस वर्षं वाट पाहिली होती, आणि तो असा भर पंगतीत विचारला गेला. एक शब्द चुकला तर आईंची दोन्ही मुलं पुन्हा कधी एका छपराखाली येणार नव्हती. आणि खोटं मला सांगवेना, कारण तिला खोटं कळलं असतं.

"जुनी गोष्ट आहे," मी म्हटलं. "एका लग्नाला सगळे देव जेवायला आले. एकीला तेवढं बोलवायचं राहिलं. ती तुम्ही."

आत्यानं छताकडे नाही, भावाकडे पाहिलं. "राहिलं?"

व्याही बघत होते, भावकी बघत होती. दादांच्या पाठीवर थाप मारणारे म्हातारेही तिथेच होते. हो म्हणायला काही लागत नव्हतं. विसरलो, धावपळीत राहिलं, म्हटलं असतं तर सगळ्यांची सोय झाली असती.

"राहिलं नव्हतं," दादा म्हणाले. "मी बोलवलं नाही तुला."

"माहीत आहे मला," आत्या म्हणाली.

"आरं, उभ्यानं कशापायी बोलताय," आई म्हणाल्या. त्यांनी शेजारची खुर्ची ओढायचा प्रयत्न केला, पण ती जड होती, म्हणून आत्यानंच पुढे होऊन ती ओढली आणि बसली. ताट आलं. दादांनी वाढप्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं. या माणसाला मी कधी पाण्याचा पेलासुद्धा उचलताना पाहिलं नव्हतं. त्यांनी बहिणीला जिलेबी वाढली. मग अजून एक वाढली. मग आणखी एक, खाली मान घालून.

आपल्याकडे पुरे झालं की माणूस ताटावर हात आडवा धरतो. आत्याला मधुमेह आहे, हे मला नंतर कळलं. तिनं हात आडवा धरला नाही. ताट भरलं तरी धरला नाही. दादा वाढत राहिले, आणि आईंनी पहिला घास घेतला.